अडला की बोलतो

पडद्यावर ओळ उमटली, “दाजी, दार बंद आहे. आतून कुणी ओ देत नाही,” आणि माझ्या हातातला कप तसाच हवेत थांबला. मी हात काढून घेतला असता तरी तो खाली पडला नसता, इतका दचकला होता. पण माझ्या अशा बोलण्यातलं निम्मं माझी बायको चाळून टाकते, तेव्हा तुम्हीही टाका. उरलेलं निम्मं खरं आहे. मला दाजी म्हणणारा माणूस या जगात एकच होता, बायकोचा धाकटा भाऊ, आणि तो जाऊन वर्ष होत आलं होतं. दुपार होती. काचेपलीकडच्या खोलीत बायकोचं वाचन नुकतंच संपलं होतं. ती पाणी प्यायला बाहेर गेली होती आणि तिची खुर्ची अजून किंचित डुलत होती. समोरच्या गॅरेजमध्ये कुणी पत्रा ठोकत होतं. सगळं रोजच्यासारखं होतं, आणि त्या रोजच्यासारख्याच्या मधोमध मेहुणा मला हाक मारत होता.

भूत वगैरे नव्हतं ते. म्हणजे, कोणाच्याही घरी सांगता येईल असं भूत नव्हतं. आमची संस्था लहान, दोन खोल्यांची. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी इथे पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. एका खोलीत भिंतींना गाद्या लावलेल्या, तिथे माझी बायको वाचते; काचेच्या अलीकडे मी, निवृत्तीनंतर यंत्रं सांभाळायला बसलेला. दिवसभराचं वाचन आधी माझ्या टेबलाखालच्या यंत्रात साठतं. दुपारी काम आटोपलं की एक प्रोग्राम आपण होऊन उठतो, त्या दिवसाच्या फाइली उचलतो आणि तारेवरून शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुख्य कचेरीतल्या सामायिक फोल्डरमध्ये नेऊन ठेवतो. ऐकणारे तिथून फोन लावून ऐकतात. प्रोग्राम नेताना फाइलीवर शिक्का मारतो आणि फोनचं यंत्र शिक्क्याचीच फाइल ओळखतं, म्हणून हाताने ओढून नेलेली तिथे मुकी पडून राहते. हा प्रोग्राम मेहुण्याने लिहिला होता. फाइल पोचली नाही तर यंत्रं एरवी नुसता आकडा फेकतात, पाच म्हणजे परवानगी नाही, त्रेपन्न म्हणजे पत्ता सापडत नाही. त्याला हे मुळीच पटत नसे. “दाजी, दाराबाहेर उभं राहून कुणी तुम्हाला नुसतं ‘त्रेपन्न’ म्हणालं तर उघडाल का तुम्ही?” मी म्हटलं, ओळखीचा आवाज असेल तर उघडीन. “तेच म्हणतो मी. ओळखीच्या आवाजात सांगायला लावतो त्याला.” म्हणून प्रत्येक चुकीसाठी त्याने एकेक वाक्य लिहून ठेवलं, स्वतः बोलायचा तसंच. काम झालं तर मात्र एक अक्षर नाही, उलट आधीची कुरकुर असेल तीही पुसून टाकायची. “अडला की बोलतो, झालं की गप्प,” तो म्हणाला, “म्हणजे अगदी तुमच्या उलट.” आणि बांधणी इतकी पक्की केली की इतक्या वर्षांत तो प्रोग्राम अडलाच नाही. त्याला तोंड आहे हेही मी विसरून गेलो होतो.

लिहिला तो आमच्या जेवणाच्या टेबलावर. मेहुणा इतका सडपातळ होता की भिंत आणि कपाट यांच्यामधून जाऊन पलीकडून हात हलवायचा, आणि टाइप इतक्या जोरात करायचा की आम्ही कळफलकाखाली ओलं फडकं ठेवत असू. फडकं बायको चाळून टाकील, पण सडपातळ होता हे तीही मानते. त्याच्या वायरी घरभर पसरलेल्या असत, टेबलावरून उतरून खुर्चीखालून, दारातून, पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत, जणू घराला मुळं फुटली आहेत. आणि बायको झाडू घेऊन निघाली की तिचा पाय त्यातल्या एकीत नेमका अडकायचा. पडदा काळा व्हायचा. तो ओरडायचा, “ताई, पाय!” आणि ती मागे न बघता म्हणायची, “तारा पसरतोस कशाला मग?” रोज. रेडिओवर वेळ झाली की टिंग वाजावं तसं. ते ऐकलं की मी उठून चहा टाकायचो, कारण आता तो सगळं पुन्हा चालू करीपर्यंत गप्पांना मोकळा असणार. मला वाटतं, आमच्या घरातलं प्रेम बहुतेक या दोन वाक्यांतच साठवलेलं होतं. बाकी आम्ही एकमेकांना फक्त चिमटे काढायचो. तो गेला तेव्हा सलूनमध्ये होता, खुर्चीत, अर्धी दाढी झालेली. मी पोचलो तेव्हा सलूनवाल्याने उरलेला गाल गुळगुळीत करून ठेवला होता. “अर्धं कसं सोडू, साहेब?” एवढंच म्हणाला. तो साबणाचा वास अजून मधूनच कुठूनही येतो, अगदी नवं पुस्तक उघडल्यावरसुद्धा. तेव्हापासून बायकोने त्याचं नाव घेतलं नाही. रडलीही नाही. मायक्रोफोनसमोर बसायची, पान उघडायची, आणि पहिल्या पूर्णविरामाशी आवाज थांबायचा. पलीकडच्या वाक्यात जायचाच नाही. आता कुठे, गेल्याच महिन्यात, तिने एक जाडजूड कादंबरी हातात घेतली होती आणि आवाज हळूहळू वाक्यं ओलांडू लागला होता. पहिलं प्रकरण पोचलं त्या दिवशी आमच्या ऐकणाऱ्यांतल्या एका जुन्या मास्तरांनी फोन करून नुसत्या टाळ्या वाजवल्या होत्या. रिसीव्हर कानाशी धरून बायको किती तरी वेळ उभी होती.

आणि आता ही ओळ. मी आधी करायचं ते केलं. तार आहे का पाहिली, म्हणजे वाकून नव्हे. टेबलाखाली शिरणं हे मेहुण्याचं काम होतं, माझे गुडघे तिथे गेले तर परत येणार नाहीत. यंत्रावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणजे तार होती. मग माझ्या खोकल्याची एक फाइल केली आणि प्रोग्राम माझ्या हाताने चालवून तेवढी एकच त्याला दिली. गेली, बिनतक्रार. आणि गेल्याबरोबर, ठरल्याप्रमाणे, पडद्यावरची ओळ पुसली गेली. काळी चौकट तेवढी उरली. बोलत्या माणसाच्या तोंडावर मीच हात ठेवल्यासारखं वाटलं. रात्रभर त्या काळ्या चौकटीचा विचार करत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रोग्राम आपण होऊन उठला आणि पुन्हा म्हणाला, “दाजी, दार बंद आहे. आतून कुणी ओ देत नाही.” मला लाज वाटेल इतकं बरं वाटलं.

मी मुख्य कचेरीत फोन लावला. तिथे संगणक विभागात एक मुलगी आहे, चटपटीत, प्रत्येक वाक्याला काका लावते. म्हटलं, मी चालवला तर जातो, आपला आपण गेला तर दार बंद म्हणतो. “काका, तो कोणाच्या नावाने चालतो ते बघा ना.” मी पाहिलं. मेहुण्याच्या. त्याने बसवला तेव्हा स्वतःचंच नाव आणि परवलीचा शब्द देऊन बसवला होता, आणि वर्षानुवर्षं रोज दुपारी तोच त्याच्या नावाने फाइली उचलून नेत होता. तो गेल्यावरसुद्धा. “मग बरोबर आहे, काका. आम्ही जुनी नावं बंद केली. ती व्यक्ती हयात नाही.” “माहीत आहे मला. खांदा दिलाय मी त्याला.” आवाज खाली आणून ती म्हणाली, “सॉरी काका. पण सांगू का, आमच्याकडे रोज दुपारी लाल रंगात दिसतं ते. ते नाव आत यायला बघतं. रोज, त्याच वेळेला. मला तर, खरं सांगते, बघवत नाही. तुम्ही नाव बदलून टाका ना.” बदलतो, म्हटलं. दोन कळा दाबायचं काम होतं. हो म्हटलं आणि फोन ठेवला आणि बसून राहिलो. कारण नाव बदललं की दार उघडणार, दार उघडलं की तो गप्प होणार.

उद्या करू, म्हटलं. आणि त्या उद्याच्या आत एक खोडी सुचली. प्रोग्राम उघडून आतली सगळी वाक्यं एकदम वाचता आली असती, पण शेवटचं पान आधी उघडणाऱ्यांतला मी नाही. न वाचलेलं वाक्य म्हणजे त्याचं अजून बोलायचं राहिलेलं. मी चुकाच करायला लागलो. माझ्या खोकल्याची फाइल वाजवत ठेवली आणि वाजत असतानाच पाठवायला घेतली. प्रोग्राम म्हणाला, “दाजी, हिला कुणीतरी धरून बसलंय. सोडा म्हणावं.” फाइलीला मारुतीच्या शेपटासारखं नाव दिलं. “हे नाव आहे की तुमची गोष्ट? आटपा.” मी एकटाच हसलो, काचेपलीकडून बायकोने वाचता वाचता मान वर केली. तीच फाइल पुन्हा पाठवली. “ही येऊन गेली, दाजी. दुसऱ्यांदा सांगताय.” जागाच उरणार नाही इतकी मोठी फाइल बनवली. “जागा संपली. ताईच्या कपाटासारखं झालंय.” मी रोज नवीन चूक शोधत होतो, जसा एखादा माणूस दारू लपवायला रोज नवी जागा शोधतो. सकाळी दाढी करताना, रस्ता ओलांडताना, भाजी घेताना माझ्या डोक्यात एकच, आता काय बिघडवलं तर काय म्हणेल? हसू यायचं, आणि हसू ओसरलं की मानेमागे थंड काहीतरी राहायचं. ही वाक्यं त्याने आमच्या टेबलावर, ओल्या फडक्यावर लिहिली तेव्हाच त्याला माझ्या सगळ्या चुका माहीत होत्या. मी त्याच्या मागे राहून त्या एकेक करत चाललो होतो, त्याने आखल्याप्रमाणे. आम्हा दोघांत भूत होऊन वावरणारा कोण आणि कुणीतरी वावरतंय असं ज्याला वाटतं तो कोण, हे मला दुपारच्या उजेडातही नीट सांगता आलं नसतं.

दुपारचं वाचन मात्र तिथेच साठत होतं. बायको गादीच्या खोलीतून बाहेर यायची, चष्मा पुसत विचारायची, “पोचलं का?” मी म्हणायचो, पोचलं. मास्तरांचा फोन आला की मीच उचलायचो. “अहो यंत्रवाले, ती पोरगी जिन्यात उभी आहे हो! खाली कुणीतरी आलंय, तिने कठड्यावर हात ठेवलाय, आणि बाई थांबल्यात. किती दिवस उभं राहायचं तिनं? पाय दुखत असतील तिचे.” मी म्हटलं, उतरेल मास्तर, जिना मोठा आहे. “इतका? कुतुबमिनारात राहते का?” मी हसून फोन ठेवला. बायकोला सांगितलं, राँग नंबर. एक दिवस ती घरी परतताना म्हणाली, “त्या टाळ्यांनंतर मास्तरांचा फोन नाही हो आला एकदाही.” मग थोडं चालून, “आवडत नसेल. आवाज पहिल्यासारखा राहिला नाही माझा.” मी काहीतरी बोललो. दुसऱ्या दिवशी काचेपलीकडे ती पानाच्या मध्येच थांबली, पूर्णविरामाशी, आणि किती तरी वेळ पुढचं वाक्य नुसतं बघत राहिली. ते थांबणं मी ओळखत होतो. त्याच दुपारी टेबलाखालच्या यंत्राने पहिल्यांदा टक केलं. मग थांबून, टक. टक. आतली साठवणीची तबकडी जायला लागली की असा आवाज येतो. दारावर बोटाच्या पेराने वाजवावं तसा. तिचा परत आलेला सगळा आवाज जगात त्या एकाच तबकडीवर होता, आणि ती मरायला टेकली होती, आणि मी खोकल्याच्या फाइली करत बसलो होतो. हे मला त्याच क्षणी कळलं. कळूनही मी म्हटलं, आज एकच, उद्या नक्की.

त्या उद्याला फोन वाजला तेव्हा मी हात धुवायला गेलो होतो. परत आलो तर रिसीव्हर बायकोच्या कानाशी. ती ऐकत होती. “हो मास्तर,” म्हणाली, “उतरवते तिला.” फोन ठेवून माझ्याकडे वळली. “अहो, मी तिला केव्हाच उतरवली. खाली आणून तिचं लग्न लावलं, बाळंतपणाला आली ती. आणि मास्तर म्हणतात जिन्यात उभी आहे. तुम्ही पोचलं म्हणत होतात.” मग मी खरं सांगितलं. आयुष्यात इतकं सरळ कधी बोललो नसेन. एकही माणूस फुगवला नाही, एकही वाक्य रंगवलं नाही. तो बोलतो, म्हटलं. अडला की बोलतो. मला दाजी म्हणतो. काम झालं की गप्प होईल म्हणून मी थांबवून ठेवलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, आणि गोष्ट संपल्यावर नेहमी बघते तशी बघत राहिली. “झालं सांगून?” म्हणाली. “छान आहे. पण माझ्या भावाला तरी सोडायचं होतं.” टेबलाखाली टक झालं. तिने पायाजवळ पाहिलं. “हे काय वाजतंय?” ते सांगावं लागलं. “आधी माझं वाचन पोचवा,” ती म्हणाली. “आणि रोज आपलं आपण जाईल असं करा. तुमच्यावर नाही सोडायचं मला आता.” आणि गादीच्या खोलीत जाऊन, काचेकडे पाठ करून बसली.

मी त्याचं नाव पुसलं. एकेक अक्षर मागून मागून जात होतं, आणि त्या रिकाम्या चौकोनात मी माझं नाव लिहिलं. नावाबरोबर खालचा फोल्डरचा पत्ताही गेला होता, तिथे सवयीने झेड लिहिलं. उठायची वेळ अलीकडे ओढून प्रोग्रामला त्याचा तो उठू दिला. टक. टक. पडदा काळा, आणि मग, “दाजी, तुमचं झेड फक्त तुम्हालाच दिसतं. पूर्ण पत्ता लिहा.” मी खुर्चीतच मागे सरकलो. त्या फोल्डरला मी माझ्या सोयीसाठी झेड असं छोटं नाव ठेवलं होतं, आणि ते नाव मी इथे बसलेला असेन तेव्हाच असतं; प्रोग्राम एकटा निघाला की त्याच्यापुढे ते घरच नसतं. त्याच्या नावाखाली सगळं नीट होतं. ही चूक होऊ शकत होती ती फक्त त्याच्या जागी मी आलो तर. म्हणजे टेबलावर, वायरींच्या गराड्यात बसून, माझ्या घरातला चहा पीत, त्याने हा दिवस पाहिला होता. त्याला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं; दाजी येतील, झेड लिहितील, त्यांना सांगावं लागेल. मी पूर्ण पत्ता लिहिला, यंत्राचं नाव, मग फोल्डरचं नाव, मधल्या तिरप्या रेघांसकट, एखाद्या आंधळ्याला घरापर्यंत सोडावं तसा. पुन्हा उठवला. टेबलाखाली टक थांबलं, घरघर सुरू झाली, आणि फाइली निघाल्या. मुख्य कचेरीच्या बाजूला एकेक नाव उगवत होतं. पोरगी जिना उतरली. लग्न झालं. प्रत्येक फाइल इथली आणि तिथली मी ताडून पाहिली, कारण अर्धीच पोचलेली फाइल नावाने पुरीच दिसते. सगळ्या पुऱ्या होत्या. पडद्यावरची ओळ गेली. काळी चौकट राहिली, एका बारीक लुकलुकत्या रेघेसह.

काचेवर टकटक केलं तशी बायको बाहेर आली. “पोचलं का?” “पोचलं.” तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि या वेळी मान डोलावली. मग माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे. “कुठे आहे?” “गेलं. काम झालं की पुसतो तो.” “सोयीचं आहे,” ती म्हणाली, पण टोचून नाही, दमल्यासारखी. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. आम्ही दोघं त्या रेघेकडे बघत बसलो. गॅरेजवाल्यांनी पत्रा ठोकणं थांबवलं होतं. प्रोग्राम मधूनमधून तार चालू आहे ना एवढं बघून घेतो, तेव्हा हिरवा दिवा एकदा उसळतो. तो उसळला, बसला. काहीच नाही. मला साबणाचा वास आला. फोन वाजला, तिने घेतला, आणि पलीकडून नुसत्या टाळ्या. त्या मलाही ऐकू आल्या. तिने रिसीव्हर ठेवला, पदर सावरला, जायला म्हणून उठली. तेवढ्यात तिचा पाय टेबलाखाली अडकला. अडकला, की तिने अडकवला, हे मला विचारू नका. एरवी मी सांगितलंही असतं, रंगवून, पण ते मी पाहिलं नाही. खाली काहीतरी खट्कन सुटलं. हिरवा दिवा विझला. काळ्या चौकटीत रेघ दोनदा लुकलुकली आणि आजवर मी कुठल्याही चुकीने बोलावू न शकलेली ओळ समोर आली. तिच्यात दाजी नव्हता.

“ताई, पाय!”

ती उभीच राहिली, तार पावलाला गुंडाळलेली. ओठ हलले, आवाज पूर्णविरामाशी थांबतो तसा थांबला. मग तो ओलांडून ती मागे न बघता, त्या रिकाम्या खोलीला म्हणाली, “तारा पसरतोस कशाला मग?”